छत्री आग्नेयेकडे

यंदा मालेच्या चिटणीसांनी आमच्या व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘घरावरची छत्री’ असे उत्तर दिले. पावसाळा तोंडावर आला आहे म्हणून आम्ही थट्टा करीत आहोत, असा त्यांचा समज झाला. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, फार तर कायद्यावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते हे आम्ही जाणून आहो. परंतु आमच्या सोलापुरात यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत किंवा विडी कामगारांच्या घरकुलांत जाऊन पाहावे. पत्र्या-पत्र्यावर एक थाळी बसलेली आहे, तिला लोक छत्री म्हणतात, आणि ती छत्री कोणाकडे पाहते व का पाहते हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते. जी वस्तू आपण विकत घेतली, जिच्यासाठी हात मोडून घेतले, तिचे काम आपल्याला कळत नाही, ही गोष्ट आम्हाला बरी वाटत नाही. म्हणून हा विषय.

आम्हालाही तो ठाऊक नव्हता. २०२० च्या जुलैत माग बंद, शाळा बंद, अशी अवस्था होती. त्या महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. आमच्या एका सभासदाची मुलगी तेव्हा सहावीत होती. घरात फोन एक, आणि तोही बापाच्या खिशात. मोफत वाहिन्यांची छत्री मात्र पत्र्यावर होती. वळवाच्या वाऱ्यात ती फिरली आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उरली. बसविणारा माणूस आला, चारशे रुपये घेऊन गेला. दोन दिवस चित्र दिसले, पुन्हा वारा सुटला, पुन्हा गेले. तो पुन्हा आला, पुन्हा चारशे. तिसऱ्या वेळी सभासद आमच्या कचेरीत आले आणि म्हणाले, “अण्णा, बाकीचं राहू द्या. आमची छत्री तेवढी फिरवून द्या. पोरीचे धडे चुकतात.”

माणूस आठशे रुपये मोजून रिकाम्या पडद्यापुढे बसतो आणि आपल्याला त्यातले काही सांगता येत नाही, याची आम्हाला लाज वाटली. त्या आठवड्यात आम्ही मिळेल ते वाचले, होकायंत्र घेतले आणि शिकलो. पहिल्या वेळेस तीन तास लागले. आता पाऊण तास पुरतो. जे शिकलो ते येथे सांगतो.

प्रथम ती छत्री पाहते कोणाकडे? दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात कूरू येथून सोडला गेला. त्याचे आकाशातील ठिकाण ९३.५ अंश पूर्व रेखांश. नकाशा काढून पाहा: निकोबार बेटांवरून बोट सरळ दक्षिणेकडे विषुववृत्तापर्यंत आणा, सुमात्रा पूर्वेला राहील आणि खाली निव्वळ हिंदी महासागर असेल. त्या जागेच्या डोक्यावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, हा उपग्रह आहे.

तो तेथे टांगलेला नाही. ताशी अकरा हजार किलोमीटरच्या वेगाने तो पृथ्वीभोवती धावत आहे. परंतु त्या उंचीवरची फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते, आणि पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरा घ्यावयास तेवढाच वेळ लागतो. जात्याच्या पाळीवर बसलेली माशी जात्याबरोबर फिरते आणि खुंट्याला मात्र ती नेहमी समोरच दिसते, तसा हा प्रकार. यापेक्षा खाली असलेला उपग्रह पुढे पळेल, वर असलेला मागे राहील. ही एकच उंची अशी आहे, आणि तीही विषुववृत्तावरच साधते. १९४५ साली आर्थर क्लार्क या इंग्रज गृहस्थाने एका नियतकालिकात लेख लिहून अशा तीन उपग्रहांनी जवळजवळ सगळ्या जगाला संदेश पोचविता येईल असे मांडले. तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता. हे गृहस्थ पुढे १९५६ मध्ये सिंहलद्वीपात येऊन राहिले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले.

उपग्रह विषुववृत्तावर, आपण त्याच्या उत्तरेस. म्हणून आपल्या देशात प्रत्येक छत्री दक्षिणेच्या अंगाने पाहते. उत्तरेला तोंड केलेली छत्री दिसली तर ती वाऱ्याने फिरलेली आहे असे खुशाल समजावे.

आमच्या शेजारच्या जिल्ह्यांना हा अनुभव जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातले विजापूर आणि गुलबर्गा हे आपल्या वेशीवरचे जिल्हे होते. तेथे शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री उभी केलेली असे. जाळीतून वारा जातो, पाऊस जातो, मग लहर कशी अडते, असा प्रश्न कोणीही करील. त्या प्रक्षेपणाच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर होती. लहरीच्या लांबीपुढे भोक फारच लहान असले की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच भासते. आजच्या सेवेची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणून आज खुराड्याची जाळी चालणार नाही. लहर आखूड झाली म्हणूनच दहा फुटांची थाळी दोन फुटांवर आली. तो उपग्रह ३५ अंश पूर्वेला होता, त्यामुळे विजापूरकडच्या छत्र्या त्या काळी पश्चिमेकडे पाहत. आज त्याच गावांतल्या छत्र्या पूर्वेकडे झुकून पाहतात.

आता दिशा. उपग्रह कोठे आहे हे दोन कोनांनी सांगतात. उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेलेला एक कोन, आणि क्षितिजापासून वर मोजलेला दुसरा. सोलापुराहून पाहिले तर जीसॅट-१५ ची दिशा १३४ अंश आणि उंची ६१ अंश येते. आग्नेय म्हणजे १३५ अंश, तेव्हा सोलापूरकरांना एका शब्दात दिशा सांगता येते: आग्नेय. कोल्हापुरास दिशा १२९ व उंची ६०, पुण्यास १३२ व ५९, मुंबईस १३१ व साडेसत्तावन, नागपुरास १४४ ते १४५ व ६०. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तेथून उपग्रह अधिक दक्षिणेकडे सरकलेला दिसतो. हे आकडे भूमितीने निघतात; आपल्या गावचे अक्षांश-रेखांश ठाऊक असतील तर दहावीच्या त्रिकोणमितीवर कोणीही काढू शकतो. आम्ही ती त्रिकोणमिती पन्नाशीत शिकलो, तेव्हा कोणी संकोच मानू नये.

दिशेसाठी होकायंत्र वापरावे. आपल्या भागात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ही निसर्गाची कृपा. परंतु होकायंत्र लोखंडी पत्र्यावर किंवा छत्रीच्या खांबाला टेकवून धरले तर ते लोखंडाकडे वळेल; चार पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी व समोरची एखादी खूण, टाकी किंवा झाड, डोळ्यांनी धरून ठेवावी. फोनमधल्या होकायंत्रालाही हाच नियम लागू आहे. पूर्वीची माणसे भर दुपारी काठीच्या सावलीवरून उत्तर-दक्षिण काढीत. ती रीत उत्तम आहे, पण सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच राहत नाही. तेव्हा या दिवसांत तिच्या भरवशावर राहू नये.

उंचीच्या कोनाबद्दल मात्र आम्ही थोडे थांबणार आहो, कारण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथेच आहे. ६१ अंश म्हणजे क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या अंतराचे दोन भाग चढून गेलेले, एक भाग उरलेला. उपग्रह इतका वर आहे. एखादी भिंत छत्रीपासून चार फुटांवर असेल, तर छत्रीच्या वर सात फुटांपर्यंत ती भिंत उंच असली तरी आड येत नाही. दहा फुटांवर असेल तर अठरा फूट चालते. मग छत्री पत्र्यावरच का बसवावयाची? अंगणात, मोरीच्या भिंतीवर, जिन्याच्या कठड्यावर, जेथे उभे राहून हात पोचतो अशा जागी ती का नको? पूर्वीची काड्यांची ॲन्टेना उंच लावावी लागे, कारण तिला दूरच्या मनोऱ्याकडून जमिनीलगत येणारी लहर पकडावयाची असे. जितके उंच तितके बरे. ती सवय आपण या छत्रीलाही लावली. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणाऱ्या लहरीला आपल्या पत्र्याच्या दहा फुटांनी काय होणार?

या सवयीची किंमत आम्ही पाहिलेली आहे. २०१७ साली छत्र्या बसविण्याचे काम करणारा एक तेवीस वर्षांचा मुलगा सिमेंटच्या पत्र्यावरून खाली आला. पत्रा पावसाने जीर्ण झालेला, त्याने पाय ठेवला तो दोन वाशांच्या मध्ये. मांडीचे हाड मोडले. ज्या कंपनीच्या नावाचा सदरा त्याच्या अंगावर होता, तिने सांगितले की हा आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराने सांगितले की हा नोकर नव्हे, नगावर पैसे घेतो. १९२३ च्या भरपाई कायद्यात कलम १२ होते, त्याप्रमाणे ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकावरही जबाबदारी येत असे. त्या कलमाच्या आधाराने आम्ही भांडलो, दीड वर्षाने तडजोड झाली. मुलगा आजही लंगडतो. आणि ते घर आम्ही जाऊन पाहिले तेव्हा पुढे दहा-बारा फुटांचे मोकळे अंगण होते. आग्नेयेला काही आड नव्हते. त्याला पत्र्यावर चढण्याचे कारणच नव्हते.

ज्यांना चढावेच लागेल त्यांनी पत्र्यावरच्या खिळ्यांच्या किंवा बोल्टांच्या ओळीवर पाय ठेवावा, कारण त्यांच्या खाली वासा किंवा अँगल असतो. सिमेंटचा पत्रा असेल तर आडवी फळी टाकल्याशिवाय पाऊल टाकू नये. विजेची तार डोक्यावरून जात असेल तेथे लोखंडी खांब उभा करू नये. वारा किंवा गडगडाट असताना काम करू नये. एवढे सांगून पुढे जातो.

जागा निवडताना आड काही येते की नाही याची पारख करावयाची एक सुरेख युक्ती आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. महाराष्ट्रात हे १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराच्या आसपास घडते, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीस, अकराला थोडी मिनिटे कमी असताना. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन पडले असेल तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. फांदीची किंवा टाकीची सावली पडली असेल तर तीच फांदी, तीच टाकी लहरही अडवीत आहे. त्याच काही दिवसांत, त्याच वेळी, चित्र काही मिनिटे अडखळते. सूर्य स्वतःच रेडिओलहरी ओकीत असतो आणि त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो. लोक त्या दिवशी बसविणाऱ्याला बोलावतात. तो येईपर्यंत चित्र परत आलेले असते, आणि तो काहीतरी हलवून पैसे घेऊन जातो. मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरात सकाळी अकराच्या सुमारास चित्र गेले तर अर्धा तास चहा घेत बसावे.

थाळीचा आकार अन्वस्ताचा असतो. समोरून समांतर येणारी प्रत्येक लहर तीवर आपटून एकाच बिंदूवर येते, आणि सगळ्या एकाच वेळी पोचतात; दोन फुटांच्या थाळीवर सांडलेले सगळे एका वाटीत गोळा होते. त्या बिंदूवर जो लहान डबा बसविलेला असतो त्याला एलएनबी म्हणतात. परंतु आपल्या घरची थाळी म्हणजे अख्खी परात नव्हे, मोठ्या परातीचा वरच्या बाजूचा कापलेला तुकडा आहे. म्हणून डबा समोर मध्यावर नसून खाली आलेला असतो. त्यामुळे डब्याची सावली थाळीवर पडत नाही, हा फायदा. तोटा असा की डोळ्यांची फसगत होते. थाळीचे तोंड ज्या दिशेला दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वरचे तिला दिसते. उपग्रह ६१ अंशांवर असताना थाळी पस्तीस-चाळीस अंशच मागे कललेली दिसते. अनेक हौशी माणसे ती आकाशाकडे तोंड करून परातीसारखी उताणी करतात आणि मग तासभर डावीकडे-उजवीकडे फिरवीत बसतात. पट्टीवर जे अंश कोरलेले असतात ते बहुधा ही तूट धरूनच कोरलेले असतात. त्यांवर विश्वास ठेवावा, डोळ्यांवर नको.

कामाचा क्रम आता सांगतो. पहिले काम खांबाचे. गवंड्याचा ओळंबा घ्यावा व खांब दोन बाजूंनी तपासावा. खांब तिरका असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरविताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते आणि दोन्ही कोन एकमेकांत गुंततात. आमच्या सभासदाच्या घरी खांब दोन बोटे कललेला होता. बसविणाऱ्याला दोष देताना एवढे ध्यानात ठेवावे की त्याला दिवसाला दहा-बारा घरे गाठावयाची असतात आणि ओळंबा लावण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

दुसरे काम तारेचे. छत्रीपासून बॉक्सपर्यंत जी जाड काळी किंवा पांढरी तार येते, तिच्यातून खाली चित्र येते आणि वर वीजही जाते. एलएनबीला लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज बॉक्सच पुरवितो. तेव्हा जोडणी करताना बॉक्सचे बटण बंद पाहिजे. बाहेरच्या जाळीचा एक केसाएवढा धागा जरी मधल्या तांब्याला लागला तरी सगळे ठप्प. तार घरात शिरते तेथे तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून गळून जाईल, तारेच्या अंगाने बॉक्समध्ये शिरणार नाही.

तिसरे काम बॉक्सचे, आणि येथे पुष्कळ जण फसतात. उपग्रहाची लहर इतकी झपाट्याने कंप पावते की ती तारेतून नेली तर वाटेतच संपून जाईल. म्हणून एलएनबी तिच्यातून एक ठराविक आकडा वजा करतो. समजा ११,५०० मेगाहर्ट्झची लहर आली. त्यातून ९,७५० वजा केले, १,७५० उरले, ते तारेतून खाली आले. बॉक्सला हा वजा केलेला आकडा ठाऊक पाहिजे, तरच त्याला मूळ हिशेब लागेल. म्हणून बॉक्सच्या यादीत एलएनबीची जात विचारतात. आज बाजारात मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ जातीसाठी ९,७५० व १०,६०० ही जोडी निवडावयाची असते. डब्यावर आकडे छापलेले असतात. हा आकडा चुकला तर छत्री केसाएवढी अचूक लावूनही पडदा काळाच राहील. छत्रीला हात लावण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

मग नेम. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक ‘स्ट्रेंग्थ’ची व एक ‘क्वालिटी’ची. पहिलीकडे फारसे लक्ष देऊ नये. ती एलएनबीला वीज मिळते आहे आणि काहीतरी आवाज येतो आहे एवढेच सांगते. छत्री भिंतीकडे वळविली तरी ती सत्तर-ऐंशी दाखवील. बाजारातल्या गर्दीत गलका पुष्कळ असतो, पण आपल्याला हाक मारणारा माणूस त्यात आहे की नाही हे गलक्यावरून कळत नाही. ते क्वालिटी सांगते.

प्रथम उंचीचा कोन पट्टीवर लावून तो बोल्ट हलका आवळावा. नंतर छत्री आग्नेयेच्या थोडी पूर्वेस नेऊन तेथून दक्षिणेकडे अगदी हळू फिरवावी. किती हळू? दोन फुटांच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंशांची असते. नेमापासून दीड अंश चुकले की जोर निम्मा झालाच. आणि एक अंश म्हणजे थाळीच्या काठावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर! येथला तो अर्धा सेंटिमीटर वर उपग्रहाशी सहाशे किलोमीटरांहून अधिक होतो. शिवाय जुन्या काळची गंमत आता उरलेली नाही. पूर्वी एक जण कौलांवर आणि एक जण घरात, “आली का?” “आली, आली... गेली!” असा संवाद चाले, आणि मुंग्या-मुंग्यांतून चित्र हळूहळू उगवत असे. आताचे चित्र आकड्यांचे बनलेले आहे. ते एक तर पुरे येते, नाही तर मुळीच येत नाही, आणि बॉक्सला ते ओळखावयास काही सेकंद लागतात. म्हणून अर्धा सेंटिमीटर फिरवावे, पाचपर्यंत आकडे म्हणावेत, पुन्हा अर्धा. एका फेरीत काही न मिळाले तर उंची दोन अंश बदलून दुसरी फेरी. घाईने फिरविणारा मनुष्य उपग्रहावरून पाच वेळा जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

क्वालिटी आली पण वाहिन्या भलत्याच दिसल्या, असेही होते. ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, आणि आपल्या नजरेच्या रुंदीपुढे दीड अंशाचे अंतर म्हणजे शेजारचे दार. इतिहासाची एक मौज अशी की दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती त्या ९५ अंशांवरूनच येत असे. २००७ मध्ये ती ९३.५ वर इन्सॅट-४बी या उपग्रहाकडे आली, आणि देशभरच्या छत्र्यांना एवढीशी मान वळवावी लागली. पुढे जीसॅट-१५ त्याच जागी आला, तेव्हा छत्र्यांना मान वळवावी लागली नाही. शेजाऱ्याची छत्री पाहून आपली लावणारांनी हे ध्यानात घ्यावे. शेजारी दुसऱ्या सेवेचा गिऱ्हाईक असेल तर तुम्ही त्याच्याच उपग्रहाकडे पाहत राहाल.

चित्र आले की काम संपले, असे बसविणारा समजतो. आमच्या मते काम तेथे सुरू होते. चित्र दिसावयास क्वालिटी अमुक एवढी लागते. तिच्याहून थोडी जरी अधिक असली तरी चित्र स्वच्छच दिसते. ते कड्यावर उभे आहे की पठारावर, हे चित्रावरून कळत नाही. पाऊस आला की कळते. अडीच सेंटिमीटरची लहर पावसाच्या थेंबांत विरते, आणि जो नेम कड्यावर होता तो पहिल्या सरीला घसरतो. आमच्या सभासदाच्या घरी हेच झाले होते. उजव्या काठावर चित्र लागताच बसविणारा थांबला, आणि बोल्ट हातानेच फिरविलेले होते, पान्हा लागलाच नव्हता. म्हणून अशी रीत ठेवावी: क्वालिटी कमी होऊ लागेपर्यंत छत्री डावीकडे न्यावी, खांबावर पेन्सिलीची खूण करावी, उजवीकडे तेवढीच कमी होईपर्यंत न्यावी, दुसरी खूण करावी, आणि दोहोंच्या बरोबर मध्ये छत्री आणावी. उंचीचेही तसेच करावे.

त्यानंतर एलएनबी. उपग्रहावरून लहरी उभ्या किंवा आडव्या डोलत येतात, आणि डबा उभ्या-आडव्यातला फरक ओळखून एक घेतो, दुसरी सोडतो. परंतु हे उभे-आडवे उपग्रहाचे. आपण त्याच्या बाजूला, पृथ्वीच्या गोलावर कलून उभे आहोत, म्हणून आपल्याला ते तिरके दिसते. आपल्या भागात हा कल बराच आहे. तेव्हा डबा धरणारा चाप सैल करून, क्वालिटी पाहत, डबा जागच्या जागी थोडा-थोडा पिळावा आणि जेथे सर्वांत अधिक मिळेल तेथे चाप आवळावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आम्हाला पहिल्या दिवशी सर्वांत मोठा लाभ हिनेच दिला.

आवळतानाही पडद्याकडे कोणीतरी पाहत असावे. एकच बोल्ट पुरा आवळला की थाळी त्या अंगाला ओढली जाते. थोडा हा, थोडा तो, असे आळीपाळीने आवळावे. दोन फुटांची थाळी दिसावयास लहान, पण ताशी शंभर किलोमीटरच्या वादळात तिच्यावर पंधरा-वीस किलोंचा रेटा येतो. भिंतीतले खिळे तेवढ्याचे पाहिजेत.

त्या दिवशी सभासदाची छत्री आम्ही पत्र्यावरून उतरविली आणि अंगणातल्या मोरीच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर बसविली. शेजारच्या बायका हसल्या. छत्री खाली लावली तर चित्र कोठून येणार, असे त्यांचे म्हणणे होते. संध्याकाळी ‘टिलीमिली’ संपून गेलेली होती, म्हणून बातम्या पाहिल्या. मुलीने आईची नखांना लावावयाची लाल रंगाची बाटली आणून खांब आणि पट्टी जेथे मिळतात तेथे एक आडवी रेघ ओढली, म्हणजे छत्री फिरली तर रेघ तुटलेली दिसेल.

रेघ गेल्या वर्षीच्या वळवात तुटली. मुलगी आता कॉलेजात जाते. सकाळी उठून तिने पान्हा घेतला, रेघेला रेघ जुळविली, मग बॉक्स लावून दोन्ही बाजूंनी पाहून घेतले. आम्हाला फोन आला तो सगळे झाल्यावर, क्वालिटी किती आली ते सांगावयास.